बठेल पानी

दगाआप्पा भोई नर्मदेला नर्मदा म्हणत नसे. तो तापीकाठचा. तापी त्याची माय, म्हणून ही मावशी. "माय मारस तं जेवाले बी देस," तो म्हणायचा. "मावशीना भरोसा नही. लाड करी, लाड करी, आनि एक दिन हात सोडी दी." डेपोवरचे लोक हसत. तो हसत नसे. आपण काही विनोद केला असं त्याला वाटतच नसे.

संयुक्त महाराष्ट्र व्हायच्या आधीची ती दोन-तीन वर्षं. आज ज्याला नंदुरबार जिल्हा म्हणतात, त्याचा सगळा कारभार तेव्हा धुळ्याहून चाले. मोलगीपर्यंत कशीबशी जीप यायची. तिथून पुढे सातपुडा उतरून नर्मदेला भिडायचं तर पायांशिवाय वाहन नव्हतं. खाली काठावर एका लाकूड कंपनीचा डेपो होता. डोंगरातला साग आणि बांबू काठावर आणायचा, त्याचे तराफे बांधायचे आणि ते पाण्यावरून खाली गुजरातेत पोचवायचे, एवढंच काम. मी तिथे कारकून होतो. बी.ए. झालो होतो. धानोऱ्यात आमच्या आळीतला मी पहिला बी.ए. वडील जिनिंगात कापसाच्या गाठी उचलत. हे सांगायची मला आजही लाज वाटत नाही, आणि तेव्हा तर कुणी न विचारताही मी सांगत असे. म्हणून दगाआप्पानं माझं नावच 'बीए' पाडलं.

तराफ्याबरोबर मालाचे कागद पत्र्याच्या डबीत घालून द्यावे लागत. डबी हातात घेतली की त्याचा ठरलेला प्रश्न असे.

"बीए, तुन्हा कागदले पोहता येस का?"

"कागदाला कशाला पोहता यायला पाहिजे, आप्पा?"

"मन्हा लाकूडले येस, म्हनीसन इचारं."

पन्नाशीचा असेल. काटकुळा, रंगानं तव्यासारखा, गुडघ्यांच्या वाट्या बाहेर आलेल्या. हात मात्र दुसऱ्याच कुणाचे आणून लावल्यासारखे मोठे. दोराच्या घर्षणानं तळहात आणि बोटं इतकी घासली होती की त्यांवर रेषच उरली नव्हती. ज्योतिषानं हात पाहायला मागितला तर तो काय सांगेल, असं कुणी म्हणालं की आप्पा म्हणे, "काय सांगी? सगळं धुवाई ग्यं म्हनी."

तराफ्यावर तो पायताण घालून चढत नसे. चढण्याआधी वाकून उजव्या तळहातानं पाण्यावर दोन थापा मारायचा. पहिल्या वर्षी मी त्याला विचारलं, हा काय नवस आहे का. तो म्हणाला, "नवस कसाना? लोकेस्ना घरमा जातांना तू कडी वाजाडस का नही?"

आणि उतरण्याआधी माणसं मोजू द्यायचा नाही. यावरून आमच्या मॅनेजरांशी त्याचं एकदा चांगलंच वाजलं. मॅनेजर पुण्याचे. माणूस दुष्ट नव्हता, पण यादीवाचून त्यांना चैन पडत नसे. त्यांनी हुकूम काढला, की तराफा सुटण्याआधी त्यावरच्या गड्यांची हजेरी मोठ्यानं घ्यायची. मी वही घेऊन काठावर उभा राहिलो. आप्पानं गड्यांना खूण केली, तशी ती पावरा आदिवासी मंडळी एकेक करून तराफ्यावरून उतरली आणि झाडाखाली जाऊन बसली.

"हे काय?" मॅनेजर म्हणाले.

"सायेब, उतरानंतर मोजा. खाले जाईसन. तठे जितला सापडतीन तितला लिखा."

"म्हणजे कमी भरले तर?"

"तं कमी लिखा. पन आतेपाईन तिले आकडा नका सांगू." 'तिला' म्हणजे मावशीला.

मॅनेजर चिडले. मला म्हणाले, "काय हे नाव तरी! दगा! आईबापांनी विचार करूनच ठेवलेलं दिसतंय." मी हसलो. मला हसायला नको होतं. आमच्या खानदेशात दगा नावाची माणसं गल्लोगल्ली आहेत. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याला दगडू म्हणायचं, दगा म्हणायचं. दगडाला कोण नेतं? माझ्या सख्ख्या मामाचं नाव दगा. तरी मी हसलो. शेवटी हजेरी खालच्या घाटावर घ्यायची असं ठरलं, आणि तराफा सुटला.

त्याची खरी विद्या मात्र मी टेबलाशी बसून कधी पाहिली नव्हती. गडी सांगत तेवढंच ठाऊक. नदीत जिथे जिथे पाणी खडकांतून जोरात उतरे, तिथे तिथे तो तराफा अलीकडेच थांबवायचा आणि काठानं चालत खाली जाऊन पाणी बघून यायचा. शंभरदा उतरलेली जागा असली तरी. पळसाचं एक पान वरून सोडायचं, ते कुठे बुडतं, कुठे वर येतं, हे उकिडवं बसून बघायचं. मग परत येऊन एखादाच शब्द बोलायचा. गडी त्या शब्दावर दोर आवळत किंवा सोडत. का, म्हणून कुणी विचारत नसे, त्यामुळे समजावून सांगायची त्याला सवयच नव्हती. त्याच्या सगळ्या गोष्टीत ही एक गोष्ट मोठी आहे, म्हणून ती आधी सांगून ठेवतो.

त्याची मागणी एकच होती. डेपोच्या घाटावर कंपनीची एक नाव होती. मोलगीच्या बाजाराला जाणारी पलीकडची माणसं ती अलीकडे आणायची. तिचा नावाडी थकला होता. ती नाव आप्पाला हवी होती. गुडघे तराफ्याला साथ देईनासे झाले होते, आणि दुसरं म्हणजे त्याची बायको तापीकाठी भावाच्या ओसरीत वर्षानुवर्षं दिवस काढत होती. "तराफाना मानूस घर बांधत नही, बीए," तो म्हणाला होता. "तो पानीसंगे खाले जास. नावना मानूस जास आनि परत येस. त्याले घर लागस." काठापासून पन्नास पावलांवर त्यानं जागाही हेरून ठेवली होती. चार दगड रचून ठेवले होते, कुणी दुसऱ्यानं धरू नये म्हणून.

दिवाळी झाल्यावर मॅनेजरांनी त्याला बोलावलं. मालकांचे पाहुणे मुंबईहून येणार होते. सहाजण. रबरी नावा घेऊन नदीच्या धारेतून खाली जाणार. "त्यांना नीट खाली पोचव," मॅनेजर म्हणाले, "घाटावरची नाव तुझी. कागद मी स्वतः करतो." आणि मला म्हणाले, "तुम्हीही जा. त्यांना याची भाषा कळायची नाही."

बाहेर आल्यावर आप्पानं मला विचारलं, "ह्या लोक कोठे जाई ऱ्हायनात?"

"कुठेच नाही. खाली जायचं, आणि तिथून मुंबईला परत."

"माल काय शे?"

"माल नाही."

"मंग उतरतस कसाले?"

"मजा म्हणून. सुट्टी काढून आलेत."

मग त्याचा चेहरा उजळला. "मंग मावशीघर सुटीले येल शेतस, असं सांगं ना!"

पाहुणे आले. पुढारी उंचेपुरे, खाकी चड्डीतले. पूर्वी लष्करात होते, म्हणून सगळे त्यांना कॅप्टन म्हणत. मराठी येई, पण बोलणं इंग्रजीतच. बाकीचे चार मला आता एकमेकांपासून वेगळे आठवत नाहीत. सहावा आठवतो. अरुण. माझ्याच वयाचा असेल. चष्मा सुतळीनं डोक्यामागे बांधलेला. मोलगीहून दोन रबरी नावा पावऱ्यांनी डोक्यावरून खाली आणल्या आणि काठावर पायाच्या भात्यानं फुगवल्या, तेव्हा गडी पोट धरून हसले. "फुगेल म्हैस," आप्पा म्हणाला. मी ते इंग्रजीत सांगितलं. पाहुणेही हसले. असं सांगायला मला आवडत होतं. दोन्ही बाजू माझ्या तोंडाकडे बघायच्या.

पहिले दोन दिवस छान गेले. आप्पाचा बांबूचा हलका तराफा पुढे, त्यावर तीन गडी आणि मी. मागून दोन रबरी नावा. मला पोहता येत नाही. प्रत्येक उतारावर मी दोर धरून डोळे मिटत असे, आणि मागून त्या लोकांच्या आनंदाच्या आरोळ्या ऐकू येत. मुक्कामाला अरुण आप्पाजवळ येऊन बसे. हे झाड कुठलं, हा पक्षी कुठला, पाण्यावर थाप का मारायची, सगळं माझ्यामार्फत विचारी. दुसऱ्या दिवसापासून तोही नावेत बसण्याआधी दोन थापा मारायला लागला. "हाऊ चष्मावाला ऐकस," आप्पा मला म्हणाला. त्याच्या तोंडून इतकं कौतुक मी कुणाचंच ऐकलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास आम्ही उखळीच्या वर आलो. तिथे नदी दोन काळ्या कातळांमधून जाते. आप्पानं सगळ्यांना वाळूवर थांबवलं, पळसाचं पान तोडलं आणि खाली गेला. बराच वेळ आला नाही. पाहुण्यांनी दोनदा चहा केला. मग तो आला आणि तराफा सुटा करायला त्याचे दोर सोडायलाच लागला.

"पानी बठेल शे," तो म्हणाला. "आज नही. नावा खांदावर ल्या, खडकवरीन चाला."

कॅप्टननी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतो?"

आमचं धानोरं कोरड्या भागातलं. नाल्याला लोंढा येऊन गेला आणि पाणी ओसरलं की आमच्याकडे बाया म्हणत, पानी बठनं. मी सांगितलं, "पाणी उतरलंय म्हणतो. आणि आज नको, बोटी उचलून न्या, असं म्हणतो."

"उतरलंय? मग तर बरंच आहे. नको का म्हणतो?"

मी वळलो. "आप्पा, का नको?"

"सांगं ना! बठेल शे!" तो हातातलं काम न थांबवता खेकसला.

इथे मी एक प्रश्न विचारायचा होता. बठेल म्हणजे काय, आप्पा? एवढाच. पण माझ्याच आईच्या बोलीतला शब्द मी एका नावाड्याला विचारायचा, तोही मुंबईच्या सहा माणसांसमोर? कॉलेजात पहिल्याच महिन्यात मी वर्गात उभा राहून 'मी वाचेल शे, सर' म्हणालो होतो, आणि वर्ग इतका हसला होता की सरांना पुस्तक मिटावं लागलं. त्या दिवसापासून ती बोली मी तोंडातून घासून काढली होती. आता ती मला येत नाही हेही चारचौघांत दाखवायचं? मला ते जमलं नाही. मी कारण स्वतःच तयार केलं.

"आज अमावास्या आहे," मी कॅप्टनना म्हणालो. "या लोकांचं असतं असं काहीतरी."

अमावास्या होती हे खरं. पण आप्पानं तिचं नावही काढलेलं नव्हतं. आणि 'या लोकांचं' असं मी म्हणालो.

कॅप्टन समजूतदारपणे हसले. कुणीतरी म्हणालं, बक्षीस हवं असेल. कॅप्टन म्हणाले, "मोलगीपासून आपण बोटी वाहिल्या, आता बोटींनी आपल्याला वाहू दे." बोटी पावऱ्यांनी वाहिल्या होत्या, पण सगळे हसले.

ते पट्टे बांधायला लागले तेव्हा आप्पा माझ्याकडे आला. "तू सांगं ना त्यास्ले?"

"सांगितलं, आप्पा."

"काय सांगं?"

"तुम्ही म्हणालात तेच."

तो तसाच गुडघाभर पाण्यात शिरला आणि त्यानं पहिल्या नावेचा दोर धरला. घाटावरची नाव, बायको, पन्नास पावलांवरचे ते चार दगड, सगळं या माणसांच्या खुशीवर अवलंबून होतं, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. तरी त्यानं दोर धरला. कॅप्टननी हळूच, अगदी सभ्यपणे, त्याची बोटं सोडवली. मग आप्पा अरुणला म्हणाला, "भाऊ, तू नको बठू." अरुणला ते कळलं नाही. त्याला वाटलं, आपल्याला काही आठवण करून देतोय. तो हसला, वाकला, पाण्यावर दोन थापा मारल्या आणि नावेत बसला.

आप्पा दोराचं भेंडोळं घेऊन खडकांवरून खाली धावत सुटला. त्या गुडघ्यांनी.

वरून उखळी भीती वाटावी अशी दिसत नव्हती. उजवीकडे फेस होता, आवाज होता. डावीकडे काळ्या कातळालगत पाणी तेलासारखं गुळगुळीत. कॅप्टननी तीच बाजू धरली. कुणीही धरली असती. नाव कातळापाशी गेली आणि कुणी खालून धरावी तशी थांबली. मग तिचं तोंड खाली गेलं, शेपूट उभी राहिली, आणि ती तिघांना घेऊन दिसेनाशी झाली. दुसरी नाव अजून काठालाच होती, ती तिथेच थांबली. दोघे पलीकडे वर आले. त्यांना आप्पानं दोर टाकून ओढलं. कमरेला दोर बांधून, तीन गडी मागे धरून, तो स्वतः त्या कातळाखाली चार वेळा गेला. पाचव्या वेळी गड्यांनी त्याला सोडलं नाही. तो त्यांना शिव्या देत होता, आणि ते दोर धरून रडत होते.

मग त्यानं मोजलं. एकेकाच्या खांद्याला हात लावून. सहा आले होते, पाच होते.

दुपार कलल्यावर मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. तो कातळाकडे बघत होता. मी विचारलं, "आप्पा, बठेल म्हणजे काय?"

त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे. "म्हंजे बठेल. गयं ते गयं, बठेल ते बठेल. उंदीरना बीळजोडे मांजर बठस ना? वरथीन हालत नही. तसं." मग हातानं दाखवलं. पाणी चढलेलं असलं की ते कातळावरून जातं. हातभर उतरलं की कातळाचं पोट उघडं पडतं आणि माणूस बाजूनं निघतो. मधेच असलं की सगळं पाणी कातळाच्या पोटाखालून जातं, वर काही दिसत नाही. "आज मधमा शे. चार दिन थांबतात तं उतरी जातं." आणि थोड्या वेळानं, "तिसरा दिवस तो खाले उंबरना झाडजोडे येई. तठे मानूस बठाडा."

तिसऱ्या दिवशी अरुण उंबराच्या झाडापाशी आला. चष्मा सुतळीला तसाच होता.

याआधी डेपोचे दोन गडी त्या नदीत गेले होते. त्यांच्यासाठी अर्धा कागद पुरला होता. यावेळी तालुक्याहून साहेब आले, बरोबर शिपाई आले. मॅनेजरांच्या खोलीत टेबल मांडलं. साहेब बाहेरगावचे, त्यांना अहिराणी कळत नव्हती. त्यांच्या लेखनिकाला ताप आला होता, म्हणून लिहायलाही मीच. कॅप्टननी आपलं सांगितलं: नावाडी म्हणाला पाणी उतरलंय, आणि अमावास्येमुळे नको. त्यांनी खोटं काही सांगितलं नाही. मी त्यांना दिलेलं तेच त्यांनी पुढे दिलं.

साहेबांनी आप्पाकडे पाहिलं. "प्रेत कुठे लागेल हे यानं आधीच सांगितलं होतं ना? मग धोका ठाऊक होता. विचारा, सांगितला का नाहीस?"

मी विचारलं.

"सांगेल शे," आप्पा म्हणाला.

"काय म्हणतो?"

"सांगितलं होतं, म्हणतो."

"काय सांगितलं होतं?"

आप्पा सरळ उभा राहिला. "पानी बठेल शे, आज नही, नावा खांदावर ल्या, खडकवरीन चाला." एक शब्द इकडचा तिकडे नाही.

साहेब माझ्याकडे बघत होते. मॅनेजर बघत होते. माझ्या नोकरीला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं. धानोऱ्यात वडिलांनी गाठी उचलणं नुकतंच सोडलं होतं. आता मला बठेलचा अर्थ ठाऊक होता. अज्ञानाची सबब उरली नव्हती. मी म्हणालो, "पाणी उतरलंय असं सांगितलं, म्हणतो. आणि जाऊ नका म्हणालो होतो, असंही म्हणतो."

"लिहा मग तसं."

मी लिहिलं. 'नावाडी दगा भोई याने पाणी उतरले असल्याचे कळविले. अमावास्या असल्याने जाऊ नये असेही म्हटले. परंतु धोक्याची स्पष्ट कल्पना दिली नाही.' अक्षर सुंदर आलं होतं. माझं अक्षर सुंदरच आहे.

"काय लिखं? वाची दखाड," आप्पा म्हणाला.

मी कागद उचलला आणि वाचलं, "पानी बठेल शे, आज नही, नावा खांदावर ल्या, असं दगा भोईनी सांगं." साहेबांना वाटलं, मी त्याला त्याच्या भाषेत समजावतोय.

आप्पानं एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यानं डावा अंगठा पुढे केला. दोरानं घासलेला तो अंगठा, त्याचा ठसा उमटेना. नुसता काळा डाग. साहेब म्हणाले, पुन्हा घ्या. दुसऱ्या वेळी मी त्याचा अंगठा माझ्या हातात धरून कागदावर दाबला.

कंपनीनं त्याला पाण्यावरून काढलं. तराफा नाही, नाव नाही. घाटावरची नाव दुसऱ्याला मिळाली. आप्पा कुणाशी भांडला नाही. बोचकं बांधून एका सकाळी मोलगीची वाट चढून गेला. मला भेटला नाही. त्याच्या चार दगडांवर पुढे डेपोच्या कुत्र्यांनी बसायला सुरुवात केली. मॅनेजर मला म्हणाले, "तुम्ही स्वच्छ लिहिता," आणि त्यांनी माझी नंदुरबारच्या कचेरीत बदली केली. पुढे मी ती नोकरी सोडून शिक्षक झालो. मराठी शिकवलं. शुद्धलेखनाचे गुण कापले.

पुढची काही वर्षं मी एका गोष्टीवर काढली. त्याला कळलं नाही, असं मी मनाशी म्हणत असे. त्यानं ऐकलं ते बरोबर होतं. आपलं म्हणणं कागदावर आहे, असं समजून तो गेला. चूक माझी, पण निदान तिचं दुःख त्याला नाही.

सात-आठ वर्षांनी नवापूरला जाताना एसटी विसरवाडीच्या फाट्यावर थांबली. वैशाखाचं ऊन. घाटातून आलेले ट्रक बॉनेट उघडून उभे होते. एक म्हातारा तेलाच्या डब्यात पाणी घेऊन एकेका ट्रकपाशी जात होता आणि रेडिएटरमध्ये ओतत होता. पायात टायरच्या चपला. त्या हातांवरून मी ओळखलं. खाली उतरलो.

"आप्पा!"

त्यानं डोळे बारीक केले. "बीए."

"इथे?"

"आठे." जणू यापलीकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. बायकोचं विचारलं तर म्हणाला, "गयी. दोन वरीस व्हयनात." भावाच्या ओसरीतच गेली असणार. मी विचारलं नाही.

ट्रकवाले घाई करत होते. मी म्हणालो, "आप्पा, मला तुम्हाला एक सांगायचंय. त्या दिवशीच्या कागदावर मी..."

"माले माहीत शे."

"काय माहीत आहे?"

"बठेल नव्हतं लिखेल."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कोन सांगी? लिखेल वाचनारा कागदकडे देखस. तू मन्हा पायस्कडे देखत व्हता."

"मग अंगठा का दिलात? तिथेच ओरडायचं. साहेबांना सांगायचं."

त्यानं डबा खाली ठेवला. त्याच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मंद पोराकडे बघावं तसं त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"सायेबले मन्ही बोली समजत व्हती का?"

"नाही."

"मंग मन्हं म्हननं सायेबले कोन सांगतं, बीए?"

कंडक्टरनं घंटी दिली. पलीकडून एका ड्रायव्हरनं हाक मारली, "ए पानी! इकडे!" आप्पानं डबा उचलला आणि गेला. मी गाडीत चढलो. गाडी वळली तेव्हा तो ट्रकच्या बंपरवर एक पाय देऊन, वाकून, वाफेतून तोंड चुकवत आत पाणी ओतत होता. पाठ माझ्याकडे होती.